पोटातली फुलपाखरं

मी दीड वर्ष एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवत होते. क्लासचं नाव सांगत नाही. एसटी स्टँडसमोरचा पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि रसवंती, भिंतीवर टाय लावलेल्या कुणा गोऱ्या मुलाचा फोटो, एवढं सांगितलं तरी तुमच्या गावातला क्लास तुमच्या डोळ्यांपुढे येईल. तिसऱ्या महिन्यात तिथे एक झेरॉक्स वाटायची पद्धत होती. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'लव्ह ॲण्ड बॉडी : फिफ्टी इडियम्स'. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. ॲपल ऑफ माय आय : खूप आवडती व्यक्ती. हेड ओव्हर हील्स : प्रेमात वेडं होणं. कोल्ड फीट : ऐनवेळी घाबरणं. बटरफ्लाइज इन द स्टमक : पोटात फुलपाखरं उडणं.

समोर बसलेल्यांत नर्सिंगच्या तीन मुली होत्या, डी. फार्म झालेली एक होती, बँकेच्या परीक्षा देणारे चार-पाच आणि वडिलांचा टेम्पो चालवणारा एक. त्या टेम्पोवाल्याने विचारलं, "मॅम, पण फुलपाखरं पोटात जातात कशी?" वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "इंग्रजीत असंच म्हणतात. पाठ कर."

त्या उत्तराची मला आज लाज वाटते. कारण 'असंच म्हणतात, पाठ कर' ह्या चार शब्दांवरच हा सगळा धंदा उभा आहे. तेव्हा तो झेरॉक्सवर चालायचा, आता रीलवर चालतो. 'हे पाच इडियम्स बोला आणि नेटिव्हसारखे वाटा' असं सांगणारा माणूस तुमच्याही फोनमध्ये दिवसातून दोनदा येत असणार. त्याच्या यादीत प्रेम असतंच, शरीरही असतंच. प्रेमाला व्ह्यूज मिळतात आणि हातापायांचे वाक्प्रचार सोपे वाटतात. माझं म्हणणं असं आहे, की ही यादी इंग्रजी शिकवत नाही. ती आपल्याला दोन्ही भाषांत मुकं करते, आणि तेही नेमक्या त्या दोन गोष्टींबाबत जिथे मुकं असणं सगळ्यात महागात पडतं.

'मराठी वाचवा'वाल्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्याकडेही यायचं आहे.

आधी यादीचीच झडती घेऊ. 'ॲपल ऑफ माय आय' म्हणजे डोळ्यातलं सफरचंद नव्हे. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या मधल्या काळ्या गोलालाच ॲपल म्हणायचे. जो माणूस डोळ्याच्या त्या गोलाइतका जपायचा, तो ॲपल ऑफ द आय. आज त्या गोलाला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात, आणि हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटी बाहुली' अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून बाहुली. आता मराठीत त्याला काय म्हणतात? डोळ्यातली बाहुली! रोमन माणसाने आणि आपल्या आजीने कुणाच्या तरी डोळ्यात तितकंच जवळून पाहिलं होतं. हे वर्गात सांगायला दोन मिनिटं लागतात आणि मुलांना ते जन्मभर पाठ न करता लक्षात राहतं. यादीत काय लिहिलेलं असतं? 'खूप आवडती व्यक्ती.'

'हेड ओव्हर हील्स' नीट वाचा. टाचांच्या वर डोकं. अहो, ते तर रोजच असतं! मूळ प्रयोग उलटा होता, 'हील्स ओव्हर हेड', म्हणजे कोलांटउडी. अठराव्या शतकात कधीतरी त्याचाच उलटापालट झाला आणि इंग्रज तो चुकीचा तसाच बोलत राहिले. म्हणजे ज्या वाक्प्रचारात एक शब्द इकडेतिकडे झाला तर आमचे क्लासवाले मार्क कापतात, तो वाक्प्रचार मुळात एक रुळलेली चूक आहे.

आणि माझा सगळ्यात लाडका, 'वेअरिंग युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह'. यादीत अर्थ दिलेला असतो, 'मनमोकळा, प्रामाणिक स्वभाव'. हा प्रयोग प्रसिद्ध झाला तो शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मुळे. तिथे तो कोण बोलतो? इयागो. नाटकातला सगळ्यात खोटारडा माणूस. आणि तो म्हणतो, की मी असं काळीज बाहीवर लावून फिरणार नाही. म्हणजे प्रामाणिकपणाचा हा दाखला एका ठकाच्या तोंडून आला आहे. प्रेमात पडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला ही माहिती वाक्प्रचारापेक्षा जास्त उपयोगी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरं असं, की ही प्रेमाची यादी जाते कुठे ते पाहा. 'पॉप द क्वेश्चन', 'टाय द नॉट', 'मॅच मेड इन हेवन', 'बेटर हाफ'. सगळे रस्ते मंगल कार्यालयाकडे. प्रेमाच्या नावाखाली वधूवर सूचक मंडळच उघडलेलं आहे. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात हे ऐकायला आपल्याला इंग्रजीची काही गरज नव्हती. शरीराचीही तीच गत. 'पेन इन द नेक' शिकवतात, पण इंग्रज माणूस खरा वैतागतो तेव्हा ते दुखणं मानेच्या बरंच खाली सरकतं, हे सांगत नाहीत. 'आर्म ॲण्ड अ लेग' शिकवतात, पण हात दुखतोय हे डॉक्टरला कसं सांगायचं ते नाही. माझ्या वर्गातल्या नर्सिंगच्या मुलींना खरं हवं होतं ते हे. मराठीत दुखणं एका प्रकारचं नसतं. ठणका असतो, कळ असते, चमक, सणक, उसण, मुरडा असतो. ठसठसतं, भगभगतं, जळजळतं, रग लागते, मुंग्या येतात. प्रत्येकाला साधं, रोजचं इंग्रजी आहे: थ्रॉबिंग, क्रॅम्प, बर्निंग, नंबनेस. उद्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात ड्यूटी लागली की रात्री तीन वाजता पेशंट जे सांगेल ते ह्या मुलींना डॉक्टरच्या भाषेत लिहायचं आहे. त्यांना आम्ही 'कोल्ड शोल्डर' पाठ करायला लावलं.

आता पोटाकडे येऊ. पोटात फुलपाखरं उडतात ती मुळात घाबरल्यामुळे. परीक्षेआधी, भाषणाआधी, ऑपरेशनआधी, कधीही उडतात. प्रेमाशी त्यांची लग्नगाठ आमच्या यादीने आणि सिनेमाच्या पोस्टरने लावली. तरी वाक्प्रचार वाईट नाही. वाईट आहे ते आपलं 'असंच म्हणतात'. कारण त्या टेम्पोवाल्या मुलाला मी उलट विचारायला हवं होतं, की बाबा रे, तुझ्या पोटात काय काय होतं? त्याला येत होतं की! पोटात गोळा येतो. खड्डा पडतो. धस्स होतं. कालवाकालव होते. कावळे ओरडतात. पोरगं उपाशी झोपलं की आईचं पोट तुटतं. चुका पोटात घातल्या जातात. जवळ घ्यायचं तर पोटाशी धरतात. मराठी माणसाची माया छातीपेक्षा पोटात जास्त राहते, कारण ज्यांनी ही भाषा घडवली त्यांचा रोजचा प्रश्न तिथेच होता. हातावर पोट असलेल्या समाजाने प्रेम कुठे ठेवावं?

आणि काळीज. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की जे मिळतं ते यकृत आहे. आपलं काळीज तिथूनच आलं आहे, उर्दूतला 'जिगर'ही त्याच जागचा. इंग्रजांनी प्रेम हृदयात नेलं, यकृतात धैर्य ठेवलं आणि भित्र्याला पांढऱ्या यकृताचा म्हटलं. आपल्याकडे एकाच काळजाला दोन्ही कामं करावी लागतात. काळीज तीळ तीळ तुटतं तेही, आणि वाघाचं असतं तेही. पाठांतराचीही एक गंमत आहे. इंग्रज 'बाय हार्ट' पाठ करतो, आपण 'तोंडपाठ' करतो. आमच्या वर्गातली यादी अगदी शब्दशः तोंडपाठ होती. तोंडाच्या पुढे कुठेही गेलेली नव्हती.

'ॲपल ऑफ माय आय'च्या समोर यादीत जे लिहायला हवं होतं, ते आहे 'तळहातावरच्या फोडासारखं जपणं'. हा वाक्प्रचार आपण इतक्या वेळा ऐकलाय की त्याकडे बघतच नाही. फोड येतो कशाने? खुरपं, फावडं, पहार, दोरखंड, जातं. आणि तळहातावरच तो येतो, म्हणजे ज्या हाताने उद्याही काम करायचंच आहे त्या हातावर. काम थांबवता येत नाही आणि फोड फुटू द्यायचा नाही. मुठीची पकड किंचित बदलायची, दिवसभर भान ठेवायचं. माणसावर असं प्रेम करणं म्हणजे काय, हे ज्याने शेतात एक दिवस काढलाय त्याला विचारा. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी तो फोड होता. त्यांना मी सफरचंद शिकवत होते.

आणि हे सगळं 'जीव' ह्या शब्दाशिवाय अर्धवट आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. आता तो ऑनलाइन फुकट आहे. त्यात 'जीव' शोधा आणि वाचत बसा. जीव लावतात, जीव जडतो, जीव लागत नाही, जीव टाकतात, जीव ओवाळून टाकतात, जीव वरखाली होतो, मुठीत येतो, टांगणीला लागतो, आणि शेवटी भांड्यात पडतो. (भांड्यातच का, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं आहे.) 'लव्ह'ला इंग्रजीत अशी शरीरातून धावणारी वस्तू नाही. पण सावध राहा, ह्याच शब्दात धोकाही आहे. जीव लावला आणि जीव दिला ह्यांच्यात मराठीत फार अंतर नाही. 'तुझ्यासाठी जीव देईन' हे आपल्याकडे कौतुकाने म्हटलं जातं आणि पोरं ते खरं करतात. वाक्प्रचार निरागस नसतात. आपलेही नाहीत.

म्हणून आता मराठीवाल्यांकडे.

माझ्या वर्गातली मुलगी 'आय लव्ह यू' म्हणते, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत नाही. त्यावर मराठी शुद्धतेचे रखवालदार कपाळ बडवतात. पण ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. ते व्यावसायिक नाटकातल्या दुसऱ्या अंकासारखं ऐकू येतं, कारण आपल्या घरांत ते कुणी कधी बोललेलंच नाही. आपल्या आजोबांनी आजीला नावाने हाक मारली नाही, आजीने आजोबांना 'अहो'च्या पुढे नेलं नाही, आणि नाव घ्यायचं तर उखाण्यात, चारचौघांत, यमक जुळवून. 'अहो'मध्ये खूप काही असायचं, हे मला मान्य आहे. पण त्या 'अहो'ला उत्तर 'अगं' होतं, हेही विसरू नका. ज्या भाषेत बायकोने नवऱ्याला कायम वरच्या पायरीवर ठेवून बोलायचं, त्या भाषेतून सुटून एखादी मुलगी 'यू' म्हणत असेल, तर ती इंग्रजी झाडत नाहीये. ती बरोबरीने उभी राहायची जागा शोधतेय.

परकी भाषा चटका कमी देते, ही गोष्टही खरी आहे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधले ज्याँ-मार्क डेवेल ह्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुभाषिक माणसांना विचारलं होतं, की 'आय लव्ह यू' ह्या अर्थाचं वाक्य तुम्हाला कोणत्या भाषेत सगळ्यात जड वाटतं. सर्वाधिक लोकांनी आपल्या पहिल्या भाषेचं नाव घेतलं. म्हणजे इंग्रजीत ते सोपं जातं, कारण हलकं असतं. पाण्याची खोली माहीत नसली की पाय आधी काठाशीच टाकतात. त्यात चूक काही नाही. पण पोहायचं असेल तर कधीतरी आत जावं लागेल.

शरीराचं तर आणखी वाईट आहे. मराठीत एका बाजूला योनी, लिंग, संभोग हे पोथीतले शब्द आहेत आणि दुसऱ्या बाजूला शिव्या. मधली बोलण्यासारखी जागा आपण रिकामी ठेवली आहे. आणि मग त्या रिकाम्या जागेत कोण शिरतं? एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' अशी जाहिरात शिरते. आपल्या पोरांनी ह्या विषयावर पहिल्यांदा वाचलेलं मराठी तेच असतं. 'धातू जाते' ह्या भीतीने खंगणारी मुलं इतकी होती, की नामवंत मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग ह्यांनी १९६० मध्ये त्याला आपल्याच शब्दावरून 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं.

'आपल्या संस्कृतीत हे बोलत नाहीत' असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कोणत्या? महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत गावच्या बायका शरीराबद्दल आणि प्रेमाबद्दल काय काय बोलतात ते वाचलंय का? र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन, समागम, स्त्रीची इच्छा, सगळं मराठीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, मासिक बंद पडलं नाही. ही मराठीची परंपरा नाही का? आणि त्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, ह्याच महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि ते थांबवलं गेलं. तेव्हा भाषा वाचवणारे कुठे होते? नव्वद वर्षांपूर्वी ज्या शब्दांसाठी एक माणूस कोर्टात उभा राहिला, ते शब्द आपण पोरांच्या हाती दिले नाहीत, आणि आता ती 'प्रायव्हेट पार्ट' म्हणतात म्हणून त्यांनाच रागावतो.

त्यामुळे पोरं फोनवरून शिकतात आणि काही गोष्टी चांगल्या शिकतात. 'गॅसलाइटिंग' घ्या. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकात नवरा घरातल्या गॅसबत्त्यांचा उजेड कमी-जास्त होत असतानाही बायकोला सांगतो, की तुला भास होतोय. तिथून हा शब्द आला. मराठीत ह्याला नेमका शब्द आहे, 'वेड्यात काढणं'. पण आपण तो थट्टेत खर्च केला. सासरी एखादीला दहा वर्षं वेड्यात काढलं तरी तो तिच्या बोलण्यात तक्रार म्हणून उभा राहात नाही, 'सगळेच काढतात' म्हणून सोडला जातो. 'गॅसलाइटिंग' म्हटल्यावर मात्र समुपदेशक वही उघडतो. हा दोष 'वेड्यात काढणं' ह्या शब्दाचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. तरीही ज्या मुलीला आज घरातून बाहेर पडायचंय, तिने मिळेल तो शब्द हातात घ्यावा. तिला मी भाषाशुद्धी शिकवणार नाही.

पण एक शब्द मात्र मी कुणालाही इंग्रजीत नेऊ देणार नाही. 'नको.'

मराठीत 'नाही' आणि 'नको' वेगळे आहेत. 'नाही' वस्तुस्थिती सांगतं. चहा नाही, म्हणजे संपला. 'नको' इच्छा सांगतं. चहा आहे, मला तो नको आहे. इंग्रजीच्या एकट्या 'नो'ला ही दोन्ही ओझी वाहावी लागतात, म्हणून त्यांना 'नो मीन्स नो' असं पोस्टर लावून समजवावं लागतं. आपल्याकडे माणसाच्या इच्छेसाठी, फक्त तिच्यासाठी, एक आख्खा शब्द राखून ठेवलेला आहे. दोन अक्षरं, कारण द्यायची गरज नाही, माफी मागायची गरज नाही. हैदराबादेकडच्या दख्खनीलाही तो आवडला, तिथे तो 'नक्को' झाला. आणि आपण ह्या शब्दाचं काय केलं? सिनेमातल्या नायिकेचं 'नको ना' म्हणजे 'हो' असं तीन पिढ्यांना शिकवलं. मग आता कॉलेजातल्या कार्यशाळेत परक्या भाषेतून संमती शिकतोय. शिका, जरूर शिका. पण रात्री गच्चीवर, अंधारात, एखादा हात पुढे येईल तेव्हा तोंडून जे निघेल ते 'नको'च असेल, आणि समोरच्याला तेच समजायला हवं.

हे सगळं मला क्लासमध्ये सुचलेलं नाही. ते दवाखान्यात सुचलं.

माझ्या मावशीला घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. ती अठ्ठावन्न वर्षांची, शेतात राबलेली. कंबर दुखते, एवढंच सांगत होती. तरुण डॉक्टर चांगला होता, मराठीच होता. त्याने विचारलं, "डिस्चार्ज वगैरे होतो का, व्हाइट?" मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीची शिक्षिका. माझ्याकडे डिस्चार्ज होता, युटेरस होता, पेल्व्हिक होतं. मराठी नव्हतं. म्हणजे होतं, लहानपणी माजघरात ऐकलेलं, पण ते मी स्वतः कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. कान तापले. शेवटी म्हटलं, "मावशी, अंगावर जातं का, विचारतायत."

मावशीने एकदम सुटल्यासारखं सांगितलं, "जातं तर. आणि अंग बाहेर येतंय गं. चार वर्षं झाली."

डॉक्टर थांबला. त्याला 'अंग' म्हणजे शरीर एवढंच माहीत होतं. मागे उभ्या असलेल्या सिस्टर, त्याही पन्नाशीच्या, म्हणाल्या, "सर, प्रोलॅप्स." तीन शब्दांत मावशीने पूर्ण निदान सांगितलं होतं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी एकमेकींना हेच सांगितलं असणार, म्हणून तर वाक्प्रचार झाला. पण ते ऐकून घेणारा एक कान मिळायला तिला चार वर्षं लागली. आणि त्या चार वर्षांत मी तिच्या घरी किमान दहा वेळा जेवून आले होते.

परत आल्यावर मी वर्गातली झेरॉक्स बदलली. उजवीकडचा रकाना कोरा ठेवला आणि सांगितलं, की घरी जाऊन विचारा, आपल्याकडे ह्याला काय म्हणतात, आणि ते का म्हणतात. पुढच्या आठवड्यात वर्ग पहिल्यांदा इंग्रजीत बोलला, कारण सांगायला काहीतरी होतं. टेम्पोवाल्याने तळहातावरचा फोड आणला होता. 'लाइक अ ब्लिस्टर ऑन द पाम' असं म्हणून त्याने आपल्या आजोबांबद्दल चार वाक्यं सांगितली, दोन व्याकरणात चुकली, एकाचीही टर उडाली नाही. नर्सिंगवालीने दुखण्याच्या सतरा प्रकारांची यादी केली. एकीने 'कावळा शिवला' हा प्रयोग लिहून आणला आणि म्हणाली, मॅम, हा मात्र मला इंग्रजीत न्यायचा नाही, इथेच पुरायचाय. त्यावर अर्धा तास वाद झाला. मुलं खाली मान घालून बसली होती, पण कुणी उठून गेलं नाही.

महिनाअखेरीला मालकांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, पालक फी इंग्रजीची भरतात. पोरं घरी जाऊन आयांना भलतंसलतं विचारायला लागली." मी तो क्लास सोडला. जुनी झेरॉक्स अजून वाटतात असं ऐकते. तेवढं फुलपाखराचं चित्र आता रंगीत केलंय.

मागच्या महिन्यात डी. फार्मवाल्या मुलीचा मेसेज आला. ती आता पुण्यात एका कंपनीत आहे. "मॅम, जीव टांगणीला लागलाय ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

मी टाइप केलं, 'ऑन टेंटरहुक्स', आणि पुढे लिहायला लागले, की लोकरीचं कापड वाळवताना ज्या आकड्यांवर ताणून लावायचे ते हे हुक्स, म्हणजे बघ, त्यांच्याकडेही टांगलेलंच... मग थांबले, सगळं पुसलं आणि विचारलं, "काय झालं?"

"आईच्या छातीत गाठ आहे. उद्या रिपोर्ट येणार. मला एचआरला मेल लिहायचाय, सुट्टीसाठी. नीट इंग्लिशमध्ये पाहिजे."

मी तिला लिहून दिलं: माय मदर्स बायॉप्सी रिपोर्ट इज ड्यू टुमॉरो. आय नीड टू बी विथ हर. आय विल बी बॅक ऑन थर्सडे.

तिने विचारलं, "एवढंच? इडियम नको?"

"नको," मी म्हटलं. "आता आईला फोन लाव."